बांबूचा टेकू

स्प्रिंग तुटली तेव्हा आम्ही दोघं वरच्या मजल्यावर चहा पीत होतो. पत्र्याच्या डब्यात सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज खालून आला. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली आणि मग एकदम सगळं शांत झालं. बायकोने मान वर केली नाही. तिने फक्त विचारलं, "पडला?"

"नाय. शटर बंदच होता. आतली स्प्रिंग गेली असंल."

"खाली कोन नव्हता ना?"

"कोन नव्हता."

मग तिने बशी खाली ठेवली. तिच्या साडीवर चहा सांडला होता आणि तो गरम होता, पण तिला ते कळलंच नव्हतं.

आमचं घर जुईनगरच्या जुन्या गावात आहे. शेतं आणि मिठागरं गेली तशी इथली घरं मजल्यावर मजले चढत गेली, आमचंही चढलं. सर्वांत वर भाडेकरू, मध्ये आम्ही आणि खाली रस्त्याला लागून गाडीचा गाळा. त्या गाळ्याचं लोखंडी शटर वडिलांच्या वेळचं आहे. माझी बायको त्या शटरखालून जात नाही. बाजूच्या अरुंद जिन्याने भाजीच्या पिशव्या घेऊन चढते, गुडघे दुखतात तरी तिथूनच चढते. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्यापासून हे असंच चाललं आहे.

ज्याने असं शटर आतून पाहिलं नसेल त्याला एवढं कळलं तरी पुरे. वर एक आडवा पाइप असतो. त्यावर गोल डब्यांमध्ये पोलादी पट्टीच्या स्प्रिंगा गुंडाळलेल्या असतात. शटर वर करून, खाली टेकू देऊन, पाइपाला मोठ्या पान्याने पीळ द्यायचा आणि दोन्ही टोकांना क्लॅम्पचे बोल्ट आवळून तो पीळ कोंडून ठेवायचा. त्या कोंडलेल्या जोरावर एवढं जड लोखंड एका हाताने वर जातं आणि वर राहतं. स्प्रिंग तुटली किंवा बोल्ट सैल राहिले की तो जोर संपतो. वर राहतं ते नुसतं वजन.

हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. निवृत्त होईपर्यंत मी बेलापूर पट्टीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा फिटर होतो.

"शटरवाल्याला बोलवा," बायको म्हणाली. "तुमच्यानं व्हयाचा नाय आता."

"सणाच्या दिवसांत कोन येतो? मीच करीन."

हे खोटं होतं. नाक्यावर शटर दुरुस्त करणारे दोघं जण बसतात, हाक मारली तर चहा संपायच्या आत येतील. पण त्या क्लॅम्पला मी इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणाचा हात लागू दिलेला नाही. तिथे काही नाही. दोन ब्रॅकेट आणि चार बोल्ट. बघणाऱ्याला काही दिसणार नाही. तरी माणूस जिथे एकदा काही लपवतो तिथे, लपवलेलं केव्हाच नाहीसं झालेलं असलं तरी, पहारा देत बसतो.

खांदा मात्र माझा उरला नव्हता. शिवाय पिळाच्या कामाला दोन माणसं आणि दोन पाने लागतात. एकाने पाइप धरून ठेवायचा, तोवर दुसऱ्याने पाना सोडून पुन्हा नवी पकड घ्यायची. म्हणून मी धाकट्या भावाला फोन केला. तो ऐरोलीला राहतो.

"येतो," तो म्हणाला. "नवीन स्प्रिंग मीच घेऊन येतो तुर्भ्यावरून. वयनीला सांग, शटरपासून लांब ऱ्हा म्हनून." आणि हसला.

हा विनोद आमच्या घरात जुना आहे. कुठलंही लग्न असो, बारसं असो, बायको मांडवात आली की भाऊ म्हणतो, "वयनी आल्या, जरा वर बघून उभे ऱ्हावा रे." सगळे हसतात. तीही हसते. तो मनाने वाईट नाही. त्याच्या डाव्या पायाची बोटं नाहीत, पाऊल अर्धंच उरलंय, आणि हसण्यावारी नेल्याशिवाय ते त्याला सोसलं नसतं, असं मला वाटतं.

घरात सगळ्यांना माहीत असलेली हकिगत अशी. मोठ्या सुनेचा पहिला दसरा होता. शटर नादुरुस्त होतं म्हणून थोरल्याने, म्हणजे मी, त्याला बांबूचा टेकू दिला होता. धाकटा खाली बसून मोटरसायकल धूत होता. नव्या सुनेने तोरण बांधताना अडचण होते म्हणून टेकू बाजूला केला आणि शटर त्याच्या पायावर आलं. तेव्हा तो गावच्या संघातला चढाईचा खेळाडू होता. एका कंपनीच्या कबड्डी संघात त्याची निवड होऊ घातली होती, म्हणजे नोकरीच लागत होती. ते सगळं गेलं. आमच्या आत्या-काकूंनी सुनेला पांढऱ्या पायाची म्हटलं. पुढे आम्हाला मूल झालं नाही, तेव्हा तोच शब्द पुन्हा निघाला.

ही हकिगत खोटी आहे. ती खोटी आहे हे मला माहीत होतं, आणि आईला. आई जाऊन बरीच वर्षं झाली. उरलो मी.

खरं झालं ते असं.

त्या वर्षी शटरची एक स्प्रिंग ढिली पडली होती. शटर वर थांबत नव्हतं, हळूहळू खाली यायचं. भाऊ मला चिडवायचा, "कारखान्याची मशिनं चालवतो आन घरचा शटर झोपलाय." खंडेनवमीच्या दिवशी मी ते काम काढलं. शटर वर केलं, खाली बांबू लावला, स्टुलावर चढून दोन्हीकडचे बोल्ट सैल केले आणि पाइपाला थोडा पीळ देणार, तेवढ्यात आई गाळ्यात आली. हातात पाट होता.

"आन ती हत्यारं."

"आये, जरा थांब. काम अर्धा झालाय."

"पूजेची वेळ टळते. रोजच काम असतो तुझा."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून देवापुढे मांडतात. हळदकुंकू, झेंडूचं फूल. एकदा मांडली की दसऱ्याच्या दिवशी पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यांची ती सुट्टी. कारखान्यातही आम्ही हे पाळायचो, त्या दिवशी मोठे साहेबसुद्धा मशीन चालू करा म्हणायचे नाहीत. आईसाठी तर तो वडिलांच्या नांगरापासून चालत आलेला नेम होता. नांगर गेला, त्याच्या जागी माझे पाने आले.

मी बोल्ट नुसत्या बोटांनी आवळले, जेवढे फिरले तेवढे, आणि पाने तिच्या पाटावर ठेवले.

कारखान्यात आम्ही अर्धवट उघडलेल्या मशीनवर पाटी टांगायचो, की काम चालू आहे, हात लावू नये. घरात मी पाटी लावली नाही, ते ठीक आहे. पण तोंडाने सांगायला काय लागत होतं? त्याच दुपारी भाऊ गाडी धुवायला बसला तेव्हा मी वरून त्याला पाहिलं. म्हणालो असतो, इथे बसू नकोस. पण म्हणालो असतो तर त्याने विचारलं असतं, का रे फिटर, सुधारला नाय वाटतं अजून? एवढ्यासाठी मी बोललो नाही. आणि बांबू आहेच की, असं मनाशी म्हटलं.

पाइप मागे फिरत गेला असणार, आवाज न करता. सगळं वजन बांबूवर आलं. खालची फरशी साबणाच्या पाण्याने भिजलेली. माझी बायको स्टुलावर उभी राहून कडेला तोरण बांधत होती. आधारासाठी तिने एक हात बांबूवर टेकवला होता. टेकवला होता. तेव्हा ती रडत रडत हेच सांगत होती, "मी काढला नाय, मी नुसता हात टेकला." ओल्या फरशीवर बांबूचं बूड सरकलं.

भावाला टेम्पोत घालून सगळे दवाखान्यात गेले. मी म्हटलं, गाळा बंद करून येतो. मी देवघरात गेलो. पाटावरचा मोठा पाना उचलला. त्याच्यावरचं फूल खाली पडलं. गाळ्यात येऊन स्टूल उचललं, वर चढलो आणि चारही बोल्ट आवळून टाकले. दुसऱ्या कोणी वर चढून पाहिलं असतं तर त्याला सगळं जागच्या जागी दिसलं असतं. खाली रक्त आणि साबणाचं पाणी एकत्र वाहत होतं आणि मी वर बोल्ट आवळत होतो. हात थरथरत नव्हते. हे मला आजही सर्वांत वाईट वाटतं.

पाना पुसून पुन्हा पाटावर ठेवला. फूल ठेवायला विसरलो.

आई घरीच होती. संध्याकाळी दिवा लावताना तिने खाली पडलेलं फूल पाहिलं. ते उचलून पान्यावर ठेवलं. मग तिची नजर माझ्यावर थांबली. पान्याच्या दांड्यावरचं कुंकू माझ्या सदऱ्याच्या बाहीला लागलं होतं. थोड्या वेळाने काकू आल्या, काय झालं कसं झालं विचारायला लागल्या. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांना सांगितलं, "सुनेनं टेकू काढला."

तिने ते म्हटलं आणि मी ऐकून घेतलं. त्यानंतर काही करायची गरजच पडली नाही. ते आपोआप खरं होत गेलं. पहिली एक-दोन वर्षं बायको म्हणायची, मी काढला नाय. मग गप्प बसू लागली. मग एकदा कोणीतरी नवीन पाहुणी विचारत होती तेव्हा मी तिच्या तोंडून ऐकलं, "व्हय, माझ्याच हातून निघाला." ते ऐकून मी दुसऱ्या खोलीत गेलो आणि पंखा लावला.

यंदा भावाला सुट्टी मिळाली ती नेमकी खंडेनवमीला. मी त्याला दिवस बदल म्हणणार होतो, पण कारण काय सांगणार?

तो आला तेव्हा बायको देवापुढची जागा पुसून पाट मांडत होती.

"हत्यारं कवा देता?" तिने मला विचारलं.

"काम झाला की देतो."

"सगळा पुरा करून द्या." ती दारातच उभी राहिली. "तवा पन आजचाच दिवस होता."

भाऊ म्हणाला, "वयनी, तो दिवस काय सांगता, माझ्या पायाला कॅलेंडर लागत नाय." तो हसला. ती हसली नाही.

आम्ही शटरच्या पट्ट्या सोडवल्या, पाइप खाली घेतला. तुटलेली स्प्रिंग डब्यातून बाहेर काढली तेव्हा तिची धार काळीनिळी, ब्लेडसारखी होती. नवीन स्प्रिंग तारेने आवळून बांधलेली होती. भावाने ती माझ्या हातात देताना सांगितलं, "दादूस, तार सांभाळून काप. सुटली तर बोटं घेऊन जाईल. आपल्या घरात एकाचीच गेली तेवढी बास." पाइप पुन्हा ब्रॅकेटमध्ये चढवेपर्यंत दुपार झाली. माझा खांदा धरला होता. शटर वर घेतलं, खाली बांबू लावला. बांबू नवीन, पण उंची तीच. त्याचं बूड मी फरशीच्या खाचेत बसवलं आणि दोनदा लाथ मारून पाहिलं. भाऊ माझ्याकडे बघत होता.

बायको जिन्याच्या पायरीवर उभी होती. पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, पण आत येत नव्हती.

पिळाला सुरुवात केली. तो एका स्टुलावर, मी दुसऱ्यावर. तो ओढायचा, मी धरायचो. मी ओढायचो, तो धरायचा. प्रत्येक ओढीला पाइप जड होत गेला. शेवटी शेवटी डब्यातून बारीक किरकिर यायला लागली. त्या आवाजाचा अर्थ फिटरला कळतो. आता आत इतका जोर आहे की पाना सुटला तर तो समोरच्याचं तोंड फोडेल.

"बास झाला," मी म्हटलं. "तू धरून ठेव. मी बोल्ट आवळतो."

भावाने दोन्ही हातांनी पाना धरला. अर्ध्या पावलावर त्याचा तोल नीट राहत नाही, म्हणून त्याने गुडघा भिंतीला लावला होता. कपाळावरून घाम गळत होता. त्याही स्थितीत त्याने मान वळवली आणि जिन्याकडे बघून म्हणाला, "वयनी, तुमी तितंच ऱ्हावा बरं. बांबूवर लई डोळा हाय तुमचा."

ती हसली. नेहमीसारखीच. मी बोल्ट हातात घेतला होता. तो हातातच राहिला.

"तिनं काढला नव्हता," मी म्हटलं.

"काय?"

"टेकू. तिनं काढला नव्हता. मी हे बोल्ट सैल केले होते. आयेनं पाने पूजेला मागितले, मी तसंच सोडून दिलं. तुला खाली बसलेला बघितला आन बोललो नाय. तुमी सगळे दवाखान्यात गेलात तवा पूजेतला पाना उचलून मी ते आवळले."

डब्यातली किरकिर तेवढी ऐकू येत होती. भावाच्या हातांवरच्या शिरा वर आल्या होत्या. माझं तोंड त्याच्या पान्याच्या सरळ रेषेत होतं, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. मी बाजूला झालो नाही. कदाचित हे सांगायला मी तीच जागा निवडली असेन. तसं असेल तर तेही भ्याडपणाचंच.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाइपाकडे बघत म्हणाला, "आधी बोल्ट आवळ."

मी आवळले. चारही. त्याने हळूहळू पाना सैल केला, पाइप हलला नाही. मग तो खाली उतरला, पाना फरशीवर ठेवला आणि मोरीपाशी जाऊन हात धूत राहिला. साबण निघून गेल्यावरही धूत राहिला.

बायकोने तांब्या पायरीवर ठेवला. ती शटरपर्यंत आली आणि थांबली.

"मी काढला नव्हता," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं.

"नाय."

"नुसता हात टेकला होता."

"व्हय."

"मला आताशा दिसायचा पन तसाच. मी दोन हातांनी उचलते न बाजूला ठेवते. सपनात पन दिसायचा." "ज्या मला बोलल्या त्या सगळ्या गेल्या वो. आता कोनाला सांगनार तुमी?"

हे लिहिणं हेच काय ते उत्तर, आणि ते किती अपुरं आहे हे मला कळतं.

भाऊ मागून आला. त्याचा चेहरा ओला होता, पाण्याने की कशाने ते मी पाहिलं नाही. "वयनी," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"झाला का पुरा?" तिने शटरकडे बोट केलं.

"झाला. टेकू काढून बघायचा ऱ्हायलाय."

"मग तुमी उभे ऱ्हावा खाली."

भाऊ म्हणाला, "वयनी, नको. तसा बघायची गरज नाय." ती ऐकत नव्हती. मी जाऊन उभा राहिलो, भाऊ तेव्हा ज्या जागी बसला होता साधारण त्याच जागी. डोक्यावर शटरची खालची पट्टी होती, तिच्यातून ताज्या ग्रीसचा वास येत होता. बोल्ट आवळलेले आहेत हे मला माहीत होतं. मीच आवळले होते. पण हे बोल्ट आवळलेले आहेत असं मी याआधीही सगळ्यांना भासवलं होतं, आणि आता ती माझ्या शब्दावर माझंच डोकं ठेवत होती.

ती शटरच्या आत आली. इतक्या वर्षांनी. पदर खोचला, दोन्ही हातांनी बांबू धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही. वर डब्यात काहीतरी टिक् असं वाजलं. भाऊ अर्ध्या पावलावर एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

त्या दुपारी तिने आयुष्यात पहिल्यांदा तो टेकू काढला.

शटर वर राहिलं. तिने बांबू उभाच धरला होता, मग भिंतीला लावून ठेवला. भावाने फरशीवर ठेवलेला पाना वाकून उचलला, पदराने पुसला, आणि माझ्याजवळून शटरखालून चालत वर निघून गेली. भाऊ न जेवता ऐरोलीला गेला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

मी वर गेलो तेव्हा पाट मांडलेला होता. त्यावर भावाचा पाना ठेवलेला होता, हळदकुंकू लावून, फूल वाहून. माझ्या पान्याची जागा तिने रिकामी ठेवली होती. मी तो खालून आणून तिच्यासमोर धरला. तिने तो घेतला नाही, आणि ठेवू नका असंही म्हटलं नाही.